दोन देशांची लसीकरण वेळापत्रकं शेजारी ठेवून कशी वाचायची

"डेन्मार्कमध्ये लहान मुलांना 10 आजारांच्याच लसी देतात, अमेरिकेत 17, मग एवढं टोचायची गरज काय?" किंवा बरोब्बर उलटं, "अमेरिकेत कांजिण्यांची लस 1995 पासून आहे, इंग्लंडवाल्यांनी इतकी वर्षं मुलांना वाऱ्यावर का सोडलं?" हे दोन्ही प्रश्न सारखेच पडतात आणि दोन्ही विचारणाऱ्यांनी बहुतेक वेळा एकच गोष्ट केलेली असते, दोन तक्ते उघडले, लसी मोजल्या, आकडा वेगळा आला आणि निष्कर्ष काढून मोकळे. आकडा वेगळा येणारच. प्रत्येक देशात आजार वेगळे, दवाखान्यांची व्यवस्था वेगळी, पैसा वेगळा आणि आधी पोळलेलं तोंडही वेगळं. तर हे तक्ते वाचायला नुकतीच सुरुवात करताय, विद्यार्थी असाल, नवे आईबाबा असाल, कुठे लिहायचं असेल किंवा दुसऱ्या देशात बिऱ्हाड हलवत असाल, तर पुढच्या पायऱ्यांनी गेलात की निम्मा गोंधळ आपोआप कमी होतो.

पायरी 1: आधी तक्ता मिळवा, आणि त्याच्यावरची तारीख बघा

इमेज सर्चमधून उचललेला रंगीत चार्ट घेऊ नका, प्लीज. त्या देशाच्या आरोग्य खात्याचं अधिकृत पान उघडायचं. खूप देश एकदम बघायचे असतील तर जागतिक आरोग्य संघटनेचं इम्युनायझेशन डेटा पोर्टल आहे, युरोपपुरतं बघायचं तर ईसीडीसी या युरोपच्या रोगनियंत्रण केंद्राचा व्हॅक्सिन शेड्यूलर आहे, त्यात दोन देश निवडले की शेजारी शेजारी दिसतात.

तारीख का म्हणतोय? ब्रिटनचंच बघा. जुलै 2025 मध्ये त्यांनी न्यूमोकोकल (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणाऱ्या जंतूविरुद्धच्या) लसीचा पहिला डोस 12 वरून 16 आठवड्यांवर नेला, हिब आणि मेनसी (मेंदूज्वर करणारे दोन जीवाणू) यांचा एक वर्षाच्या वयाचा एकत्र डोस बंद केला, आणि जानेवारी 2026 पासून एमएमआरव्ही (गोवर, गालगुंड, रुबेला आणि आता कांजिण्याही धरून एकत्र लस) सुरू केली, शिवाय तिचा दुसरा डोस 3 वर्षं 4 महिन्यांवरून 18 महिन्यांवर आणला. म्हणजे 2024 चा ब्रिटिश चार्ट घेऊन आज कोणी वाद घालत असेल तर तो दुसऱ्याच तक्त्यावर बोलतोय. अमेरिकेचं तर त्याहून अवघड झालंय, जानेवारी 2026 मध्ये तिथल्या सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेनं सरसकट सगळ्या मुलांसाठीची यादी 17 आजारांवरून 11 वर आणली, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं ते मानलं नाही आणि स्वतःचं वेळापत्रक वेगळं ठेवलं. त्यामुळे "अमेरिकेचं वेळापत्रक" म्हटलं की पहिला प्रश्न, कोणाचं आणि कधीचं?

एकाच देशात दोन तक्ते असणं तसं नवीन नाही. भारतात सरकारी सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम एक आणि इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचं वेळापत्रक दुसरं. दुसऱ्यात कांजिण्या, कावीळ ए, टायफॉइड, फ्लू हे सगळं असतं, सरकारी यादीत नसतं, आणि सरकारीत गोवर-रुबेला म्हणजे एमआर असते तिथे खासगीत गालगुंड धरून एमएमआर देतात. कॅनडात प्रांताप्रांतानुसार फरक, ब्रिटिश कोलंबियात कावीळ बीची लस तान्ह्या बाळाला आणि ऑन्टॅरिओत ती शाळेत सातवीला. म्हणून सरकारी तक्ता सरकारीशीच लावायचा. एका देशाचा सरकारी आणि दुसऱ्याचा खासगी घेतला की तुलना तिथेच बाद.

पायरी 2: सुया मोजू नका, आजार मोजा

कागदावर (एक्सेलमध्ये केलंत तर उत्तम) डावीकडे आजारांची नावं लिहा, लसींची नाहीत, ब्रँडची तर अजिबात नाहीत. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, हिब, कावीळ बी असे सहा आजार ब्रिटनमध्ये एकाच सुईत जातात. भारतात पेंटाव्हॅलेंटमध्ये पाच जातात आणि पोलिओ वेगळा, तोही थेंब आणि इंजेक्शन दोन्ही. सुया मोजल्या तर भारत पुढे दिसेल, आजार मोजले तर चित्र पालटतं, डोस मोजले तर तिसरंच काहीतरी निघतं. "मुलांना अमुक इतके डोस टोचतात" असा मोठ्ठा आकडा कोणी फेकला की समजायचं की त्यात दरवर्षीचा फ्लूचा डोस 18 वर्षांपर्यंत धरलेला असू शकतो, आणि तीन आजारांची एक सुई तीनदा मोजलेलीही असू शकते.

मग प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक खूण करा: सगळ्या मुलांना, फक्त जोखमीच्या मुलांना, किंवा फक्त ठरावीक भागात. ही खूण लोक हमखास विसरतात. डेन्मार्कची दहाची यादी म्हणजे घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, पोलिओ, हिब, न्यूमोकोकल, गोवर, गालगुंड, रुबेला आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कर्करोग करणारा विषाणू). कावीळ बी त्यात नाही, पण आईच्या रक्तात तिचा विषाणू असेल, म्हणजे आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला ती लस मिळते. म्हणजे "डेन्मार्क ही लस देत नाही" हे चूक आणि "सगळ्यांना देत नाही" हे बरोबर, आणि या दोन वाक्यांतच बरीच भांडणं अडकलेली असतात. भागानुसारचं उदाहरण म्हणजे जपानी मेंदूज्वर, भारतात ती लस जिथे हा आजार आढळतो त्या जिल्ह्यांमध्येच देतात.

पायरी 3: वयाचा रकाना

इथे नवख्यांना वाटतं की कोणीतरी उशीर करतंय. भारतात 6, 10, 14 आठवडे. ब्रिटनमध्ये 8, 12, 16. अमेरिकेत 2, 4, 6 महिने. डेन्मार्कमध्ये 3, 5, 12 महिने. लवकर आणि जवळजवळ दिले तर बाळाला संरक्षण लवकर मिळतं, पण लांब अंतरानं दिले तर शरीराचा प्रतिसाद सहसा जास्त चांगला येतो, ही ओढाताण आहे. जिथे तान्ह्या बाळांना आजार गाठायची भीती जास्त, किंवा आई पुन्हा केंद्रावर येईल याची खात्री कमी, तिथे लवकर सुरू करून पटपट संपवतात. 6-10-14 ची पद्धत त्यातूनच आली. जिथे आजार कमी आणि बहुतेक सगळी मुलं वेळेवर येतात तिथे वाट बघणं परवडतं.

गोवर याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. भारतात पहिला डोस 9 महिन्यांना, जर्मनीत 11, ब्रिटनमध्ये 12, डेन्मार्कमध्ये 15. आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या अंगात काही महिने टिकतात आणि त्या लसीला नीट काम करू देत नाहीत, त्यामुळे जितकं थांबाल तितकी लस जास्त मुलांना लागू पडते, पण गोवर आजूबाजूला फिरत असेल तर थांबण्याच्या काळात बाळ उघडं पडतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रसार जास्त तिथे 9 महिने, कमी तिथे 12. डेन्मार्कच्या बाळासाठी 15 महिने चालून जातात कारण त्याच्या आसपास गोवर सहसा नसतो. तेच बाळ साथ चालू असलेल्या देशात जाणार असेल तर अनेक देशांचे डॉक्टर 6 महिन्यांनंतर एक जादा डोस लवकर देतात.

आणखी एक, रोटाव्हायरसच्या (जुलाबाच्या) लसीची वयोमर्यादा. अमेरिकेत पहिला डोस 15 आठवडे पूर्ण व्हायच्या आत, त्यानंतर सुरूच करत नाहीत. भारतात पहिला डोस एक वर्षापर्यंत देता येतो. कारण असं की या लसीनंतर क्वचित आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास होऊ शकतो (1999 मध्ये अमेरिकेत पहिली रोटाव्हायरस लस यामुळेच मागे घेतली होती) आणि तो धोका वयाबरोबर वाढतो. पण जिथे जुलाबानं मुलं दगावतात तिथे उशिरा आलेल्या बाळाला परत पाठवणं जास्त महागात पडतं. धोका तोच, हिशोब वेगळा.

पायरी 4: जिथे फरक दिसेल तिथे "का" विचारा

माझ्या मते सगळा अर्थ या पायरीत आहे, बाकीची तयारी. तक्त्यात जिथे एका देशात बरोबरची खूण आणि दुसऱ्यात रिकामं, तो प्रत्येक चौकोन घेऊन बसायचं.

बीसीजीपासून, म्हणजे टीबीच्या लसीपासून सुरू करा, सोपी आहे. भारतात जन्मल्याबरोबर. ब्रिटनमध्ये शाळेतल्या मुलांना सरसकट द्यायचे, 2005 मध्ये ते बंद करून फक्त जोखमीच्या बाळांना द्यायला लागले, कारण टीबी ठरावीक वस्त्यांत आणि कुटुंबांत उरला होता. अमेरिकेत सरसकट कधीच नव्हती. लहान मुलांच्या टीबी-मेंदूज्वरापासून बीसीजी चांगलं वाचवते, पण मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर तिचा भरवसा कमी, म्हणून टीबी कमी असलेल्या देशात सगळ्यांना टोचून फार काही मिळत नाही. इथे कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

कावीळ बी जरा जास्त गुंतागुंतीची. जन्माच्या वेळी आईकडून विषाणू मिळाला तर सुमारे 90 टक्के बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो, मोठेपणी लागण झाली तर 5 टक्क्यांहून कमी लोकांमध्ये. म्हणून भारतात 24 तासांच्या आत जन्म डोस. डेन्मार्क म्हणतं, आम्ही प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करतो, पॉझिटिव्ह निघालेल्या आईच्या बाळालाच लस देतो. हे चालतं, पण कधी? तपासणी जवळजवळ सगळ्यांची होत असेल, रिपोर्ट बाळंतपणाच्या खोलीपर्यंत पोचत असेल, आणि नंतरचे डोस घ्यायला ते कुटुंब सापडत असेल तर. अमेरिकेनं आधी हाच जोखमीपुरता मार्ग करून बघितला होता, त्यातून बरीच बाळं निसटली म्हणून 1991 मध्ये सगळ्या बाळांना लस द्यायचं ठरवलं. डिसेंबर 2025 मध्ये तिथल्या सल्लागार समितीनं निगेटिव्ह आईच्या बाळासाठी जन्म डोस पुन्हा आईबापांच्या आणि डॉक्टरांच्या निर्णयावर सोडला. मला हे धोक्याचं वाटतं, कारण डेन्मार्कची यादी उचलता येते, डेन्मार्कची सगळ्यांना मोफत असलेली आरोग्यसेवा आणि नोंदवही यादीबरोबर येत नाही. दुसऱ्याचा चष्मा त्याला छान दिसतो म्हणून आपल्या डोळ्यावर चढवण्यातला प्रकार आहे हा. गंमत म्हणजे ग्रीनलंड डेन्मार्कच्याच राज्याचा भाग, पण तिथे कावीळ बी पूर्वीपासून पसरलेली, त्यामुळे तिथे ही लस सगळ्या बाळांना देतात.

कांजिण्या. ब्रिटननं इतकी वर्षं का थांबवली? त्यांची शंका अशी होती की लहान मुलांना कांजिण्या झाल्या की आजूबाजूच्या मोठ्यांची प्रतिकारशक्ती परत जागी होते, मुलांमधून आजार गेला तर म्हाताऱ्यांमध्ये नागीण (ती त्याच विषाणूमुळे होते) वाढेल. शंका वेडगळ नव्हती. पण अमेरिकेतली अनेक वर्षांची आकडेवारी बघितल्यावर तशी मोठी वाढ दिसली नाही, मग ब्रिटनच्या जेसीव्हीआय या समितीनं 2023 मध्ये शिफारस केली आणि 2026 मध्ये लस आली. म्हणजे इथे आधी धाडस केलेल्या देशाचा डेटा नंतरच्या देशाला कामाला आला.

उलटं उदाहरण मेनबी या मेंदूज्वरावरच्या लसीचं, ती सगळ्या बाळांना द्यायला ब्रिटननं 2015 मध्ये जगात आधी सुरुवात केली. त्याआधी 2013 मध्ये त्याच समितीनं ही लस खर्चाच्या मानानं परवडत नाही म्हणून नकार दिला होता, 2014 मध्ये "किंमत खाली आली तर" असं म्हटलं, मग कंपनीशी घासाघीस होऊन आली. आजार तोच, लस तीच, बदलली ती किंमत आणि हिशोबाची पद्धत. म्हणून एखादी लस यादीत नाही म्हणजे ती वाईट किंवा निरुपयोगी असं समजू नका, कधीकधी फक्त महाग असते.

पायरी 5: नाव एक, लस वेगळी

ही छोटी पायरी आहे पण इथे भलेभले फसतात. डांग्या खोकल्याची लस भारतात सरकारी केंद्रावर होल-सेल (अख्ख्या मेलेल्या जंतूची) प्रकारची असते, श्रीमंत देशांत बहुतेक ठिकाणी एसेल्युलर (जंतूचे फक्त काही भाग असलेली). पहिलीत ताप-सूज जास्त, संरक्षण जास्त टिकतं. दुसरीत त्रास कमी पण असर लवकर ओसरतो, म्हणून तिथे बूस्टर जास्त दिसतात आणि गरोदरपणात आईलाही डोस देतात. बूस्टर जास्त म्हणजे व्यवस्था जास्त काळजी घेणारी असं काही नाही.

पोलिओचंही तेच. थेंब स्वस्त, द्यायला सोपे, आतड्यात संरक्षण तयार करतात, पण फार क्वचित त्याच कमकुवत विषाणूमुळे लकवा होऊ शकतो. आजार गेला की तो क्वचितचा धोकाही नकोसा होतो, म्हणून अमेरिकेनं 2000 मध्ये आणि ब्रिटननं 2004 मध्ये पूर्ण इंजेक्शनवर उडी मारली. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला तरी थेंब चालू आहेत आणि सोबत इंजेक्शनच्या लसीचा त्वचेत छोटा डोस देतात, 6 आणि 14 आठवड्यांना आणि 9 महिन्यांना.

जपानमध्ये गालगुंड सरकारी यादीत नाही. 1989 मध्ये त्यांनी एमएमआर आणली होती, त्यातल्या गालगुंडाच्या उराबे या प्रकारामुळे मुलांना मेंदूच्या आवरणाची सूज यायला लागली, 1993 मध्ये बंद केली, आणि अजून फक्त एमआर देतात. तीन दशकं होऊन गेली तरी चौकोन रिकामाच.

पायरी 6: आता सरकारी धोरणाचा वेगळा कागद घ्या

वेळापत्रक सांगतं काय द्यायचं. न देणाऱ्याचं काय करायचं, पैसे कोण भरणार, त्रास झाला तर कोण बघणार, हे धोरणात असतं, म्हणून दुसऱ्या कागदावर चार रकाने करा: सक्ती, खर्च, भरपाई, आणि सल्ला देणारी समिती.

सक्तीचे प्रकार बरेच. फ्रान्सनं 2018 पासून 3 ऐवजी 11 लसी बंधनकारक केल्या आणि 2025 पासून बाळांसाठी मेनिंजोकोकलच्याही जोडल्या. इटलीनं 2017 मध्ये 10 केल्या. जर्मनीत मार्च 2020 पासून फक्त गोवर, पाळणाघर-शाळेसाठी दाखला लागतो, नाहीतर दंड 2,500 युरोपर्यंत. ऑस्ट्रेलियात 2016 पासून लसी पूर्ण नसतील तर काही सरकारी भत्ते थांबतात. अमेरिकेत राज्यं शाळाप्रवेशाची अट घालतात. ब्रिटन, डेन्मार्क, स्वीडनमध्ये सक्ती नाही. आता "सक्ती नाही तरी डेन्मार्कमध्ये लोक घेतात, म्हणजे सक्ती कुठेच नको" असं म्हणायच्या आधी हे बघा की सक्ती बहुतेक वेळा कव्हरेज, म्हणजे लस घेतलेल्या मुलांचं प्रमाण, घसरल्यावर येते. फ्रान्स आणि इटलीत असंच झालं. औषध दिसलं म्हणून आजार नव्हता असं होत नाही.

भरपाईचा रकाना लोक सोडूनच देतात. जर्मनीनं 1961 मध्ये, ब्रिटननं 1979 मध्ये, अमेरिकेनं 1986 च्या कायद्यानं लसीमुळे इजा झालेल्यांसाठी व्यवस्था केली. ज्या सरकारला लस सगळ्यांना घ्यायला लावायची आहे त्यानं त्या क्वचित इजा होणाऱ्या मुलाची जबाबदारी घेतली का, हे मला तरी सक्तीच्या रकान्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

समिती: ब्रिटनची जेसीव्हीआय, जर्मनीची स्टिको, भारताची एनटागी, अमेरिकेची एसीआयपी. सदस्य कोण नेमतं, बैठकीचे कागद खुले असतात का, सरकारवर शिफारस बंधनकारक आहे का, हे बघा. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी एसीआयपीचे सगळे 17 सदस्य एकदम काढून नवे नेमले, म्हणजे त्याआधीच्या आणि नंतरच्या शिफारशी एकाच समितीच्या नावानं असल्या तरी एकाच मापानं मोजू नका.

पायरी 7: कागदावर आहे ते हातात पोचतं का

यादी कितीही लांब असू दे, कव्हरेज बघितल्याशिवाय तिला अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ दरवर्षी अंदाज काढतात, त्यात डीटीपीचा (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला) तिसरा डोस आणि गोवरचा दुसरा डोस हे दोन आकडे आधी बघा. 2024 मध्ये जगात डीटीपी-3 सुमारे 85 टक्के होतं आणि एकही डोस न मिळालेली मुलं 1.43 कोटी. देशाचा स्वतःचा आकडा कधीकधी 100 च्या वर गेलेला दिसतो, दचकू नका, दिलेले डोस भागिले मुलांचा अंदाज असा तो हिशोब असतो आणि अंदाज जुन्या जनगणनेवरचा असला की असं होतं. सर्वेक्षणाचा आकडा मिळाला तर तो जास्त धरा. देशाच्या सरासरीवरही थांबू नका, गोवरासाठी 95 टक्के लागतात आणि एखाद्या भागात 80 असेल तर साथ तिथेच येते. कॅनडासारख्या देशानं नोव्हेंबर 2025 मध्ये गोवरमुक्त दर्जा गमावला.

धोरण डळमळलं की काय होतं ते जपानमध्ये दिसतं. 1975 मध्ये दोन मुलांच्या मृत्यूनंतर डांग्या खोकल्याची लस थांबवली, कव्हरेज 80 च्या आसपास होतं ते 10 टक्क्यांवर आलं, आणि 1979 मध्ये 13,000 हून जास्त रुग्ण आणि 41 मृत्यू. मग 2013 मध्ये एचपीव्हीची लस यादीत ठेवूनच सरकारनं फक्त "घ्या" असं आवर्जून सांगणं बंद केलं, तर घेणाऱ्या मुली सुमारे 70 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या खाली. ती शिफारस परत यायला 2022 उजाडलं. नऊ वर्षं तक्त्यात लस होतीच बरं का, नुसता तक्ता बघणाऱ्याला काहीच कळलं नसतं.

पायरी 8: स्वतःच्या मुलासाठी बघत असाल तर

दोन देशांच्या यादीतून आपल्याला आवडलेलं निवडून तिसरं वेळापत्रक बनवू नका. राहता त्या देशाचं पाळा, जादा काही हवं असेल तर डॉक्टरांना विचारा. देश बदलताना मूळ लसीकरण कार्ड जवळ ठेवा, फोटो काढून ठेवा, आणि त्यावर तारीख दिवसासकट आहे ना बघा, नुसता "दिला" असा शिक्का बऱ्याच ठिकाणी चालत नाही. डोस मधेच राहिला तर सहसा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला पुढे देतात, पण खूप लवकर दिलेला डोस मात्र धरत नाहीत. म्हणजे भारतात 9 महिन्यांना दिलेला गोवराचा डोस अमेरिकेत मोजणार नाहीत कारण तिथे पहिल्या वाढदिवसानंतरचाच लागतो, तेव्हा तिथे आणखी डोस सांगितला तर डॉक्टर लुटतायत असं समजू नका. बीसीजी घेतलेल्या मुलाची टीबीची त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, बीसीजी न देणाऱ्या देशात हे आधीच सांगा आणि रक्ताची चाचणी होते का विचारा, नाहीतर उगाच एक्स-रेच्या चकरा. आणि नव्या जागी पहिली अपॉइंटमेंट शाळाप्रवेशाच्या आठवड्यात ठेवू नका, कॅच-अप, म्हणजे मागे राहिलेल्या डोसांत किमान चार आठवड्यांचं अंतर लागतं, काही लसींना त्याहून जास्त.